माळ्यावर रात्री कुणीतरी चालतंय, भोक बुजवू का?

ताई, बाकी काही करायच्या आधी रविवारी येणाऱ्या मिस्त्रीला फोन करा आणि म्हणावं हा रविवार राहू दे. मग निवांत बसून पुढचं वाचा, उत्तर जरा लांबलंय.

तुमची अडचण मला समजली ती अशी. साताऱ्यात शाहूपुरीकडं जुनं मंगलोरी कौलांचं घर, हॉलला चार वर्षांपूर्वी पीओपी केलंय, आणि गेले पंधरा-वीस दिवस रात्री दहाच्या सुमारास आणि परत पहाटे वर माणूस चालल्यागत धपधप होतंय. पीओपीला कोपऱ्यात पिवळा डाग पडलाय. मागच्या वळचणीला, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या खालच्या कडेला, एक कौल सरकलंय, तिथं हाताचा पंजा आत जाईल एवढी फट आहे. सासरे म्हणतायत विष ठेवू, शेजारचे म्हणतायत मिरचीची धुरी द्या, एकजण 'पिंजरा लावतो, पकडून यवतेश्वरच्या घाटात सोडतो, दोन हजार द्या' म्हणून गेलाय, आणि तुमच्या मनात आहे की मिस्त्री बोलवून ती फट सिमेंटनं बुजवून टाकावी. चौघांत तुमचा विचार सगळ्यात बरा आहे, फक्त वेळ चुकतीय.

मी छपराची कामं करतो. कौलं, पत्रे, गळती, पन्हाळी. वीस वर्षं होत आली. छपरावर चढणाऱ्या माणसाला प्राणी भेटतातच, आधी मी पण काठी घेऊनच चढायचो, नंतर वनखात्याच्या पोरांबरोबर आणि सर्पमित्रांबरोबर जाऊन जाऊन जरा अक्कल आली. आता सातारा, वाई, मेढा, कराड आणि खाली सांगलीपर्यंत लोक बोलवतात ते निम्म्या वेळा गळतीसाठी आणि निम्म्या वेळा 'वर काहीतरी आहे' म्हणून.

फट लगेच का बुजवायची नाही ते आधी सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. कामाला लागून तिसरं का चौथं वर्ष असेल, मेढ्याकडं एका घरात असाच आवाज होता. मी हुशारी केली, रात्री साडेदहाला प्राणी बाहेर पडलेला बघितला, पटकन शिडी लावली आणि बॅटरीच्या उजेडात भोक खडी-सिमेंटनं भरून टाकलं, मालकानं चहा पाजला, खूश होऊन घरी आलो. पहाटे चारला फोन. मादी परत आली होती आणि तिची पिल्लं आत होती. ती रात्रभर छपरावर नुसती थैमान घालत होती, नखांनी रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) ओरबाडलेल्या, वीसेक कौलं खाली येऊन फुटलेली, आणि आतून पिल्लांचा बारीक आवाज. सकाळी मी जाऊन कौलं उचलली तेव्हा तीन पिल्लं होती, त्यातलं एक दोन वाशांच्या मधल्या सांदीत पडून गेलेलं होतं. कौलांचे पैसे माझ्या मजुरीतून गेले ते सोडा, पण ते बारकं पिल्लू अजून डोळ्यासमोर येतं. तेव्हापासून आत काय आहे ते कळल्याशिवाय मी पाटीभर सिमेंट कालवत नाही.

तर आधी आत कोण आहे ते. तुमच्या वर्णनावरून मला नव्वद टक्के उदमांजर वाटतंय. आपल्याकडं कुणी त्याला काळमांजर म्हणतं, कुणी कांडेचोर, आणि काही ठिकाणी तर मसण्या उद म्हणून लोक उगाच घाबरतात, मढी उकरतं वगैरे. तसलं काही नाही. साधारण घरच्या बोक्यापेक्षा लांबट, वजन दोन ते पाच किलो, अंगाएवढीच लांब शेपूट, तोंडावर काळपट पट्टी. चिकू, आंबा, पपई, केळी, जांभळं, जोडीला उंदीर, किडे, कधी अंडी. दिवसभर झोपतं, रात्री फिरतं. अजिंक्यताऱ्याचा डोंगर तुमच्या गावाच्या डोक्यावर आहे आणि तुमच्या परसात चिकू आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे त्याला राहायला माळा आणि जेवायला खानावळ दोन्ही एकाच आवारात.

पण मी नव्वद म्हणालो, शंभर नाही. आवाजावरनं बरंच कळतं. रात्रभर खुडखुड, कुरतडल्याचा आवाज, बारीक पावलं भरभर इकडून तिकडं, तो उंदीर. (घूस म्हणाल तर घूस एवढं वर सहसा चढत नाही, ती जमीन पोखरणारी, वर असतो तो घरउंदीर, सडपातळ, लांब शेपटाचा.) फक्त दिवसा पळापळ आणि चिर्र चिर्र असेल तर खार. संध्याकाळी दिवेलागणीला फटीतून चुकचुक आणि मग शांत, तर वटवाघळं. कुकरची शिटी अर्धवट सुटल्यासारखा किंवा साप फुत्कारल्यासारखा आवाज, तोही थांबून थांबून, तर गव्हाणी घुबडाची पिल्लं. आणि उदमांजराचं टायमिंग असतं, रात्री नऊ-दहाला बाहेर, पहाटे परत, मधल्या वेळेत वर सामसूम. तुमच्याकडं तसंच चाललंय.

लेंड्या बघितल्या की उरलेली शंका जाते. उंदराच्या लेंड्या तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या किंवा थोड्या जास्त, कडक. वटवाघळाच्या पण तशाच दिसतात पण काडीनं दाबल्या की भुगा होतो आणि भुग्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसते. उदमांजराची विष्ठा बोटाएवढी लांब, बहुतेक एकाच जागी, आणि तिच्यात बिया, चिकूच्या बिया तर धुऊन ठेवल्यासारख्या आख्ख्या बाहेर येतात. त्याच्या वासाचं एक गंमतीशीर आहे, बऱ्याच घरातल्या बाया सांगतात की रात्री मधूनच इंद्रायणी तांदळाचा भात शिजल्यासारखा वास येतो, आणि शेजारी तर सगळे झोपलेले. तो या प्राण्याचाच वास. मुताचा वास मात्र भातासारखा अजिबात नसतो ते तुम्हाला डागापाशी उभं राहिल्यावर कळलंच असेल.

आता रांगोळी. होय, दारात घालता तीच, पांढरी, बारीक. मागं वाईला गंगापुरीत एका जुन्या वाड्यात गेलो होतो, तिथल्या आजींनी मला शिकवल्यासारखं झालं. मी मोबाईल कॅमेरा वर ठेवायच्या खटपटीत होतो, आजी म्हणाल्या, 'अरे, नुसती रांगोळी भुरभुर फळीवर, लक्ष्मीची पावलं उमटतील.' उमटली की! फटीच्या आतल्या बाजूला एक फूटभर रुंद फळी किंवा पुठ्ठा ठेवायचा, त्यावर चाळणीनं रांगोळी पसरायची, जाड थर नको, खाली पुठ्ठ्याचा रंग जेमतेम झाकेल एवढाच. सकाळी बघायचं. मांजराचं पाऊल गोल, चार बोटं, नखं उमटत नाहीत. उदमांजराची पाच बोटं उमटतात आणि तळवा मागं लांबट दिसतो, एखाद्या बारक्या पोरानं हात टेकल्यासारखा. पावलांची दिशा बघा, बाहेर गेलेलं किती आणि आत आलेलं किती. हे दोन-तीन रात्री केलं की त्याचं टाइमटेबल तुम्हाला पाठ होतं आणि फट तीच एक आहे का दुसरी पण आहे ते पण कळतं. रांगोळी नसेल तर चुलीची राख चालते, पीठ वापरू नका, पिठाला उंदीर येतात आणि मग सगळाच गोंधळ.

माळ्यावर चढताना मेन स्विच बंद करा. हे मी हात जोडून सांगतो. उंदरांनी नाहीतर खारींनी वायरचं कव्हर खाल्लेलं असतं आणि आपण अंधारात चाचपडत हात तिथंच नेमका टाकतो. आणि पाय फक्त लाकडी तुळईवर किंवा वाशावर, पीओपीवर चुकून पण नाही. माझा एकदा एक पाय खालच्या हॉलमध्ये लोंबकळत होता, आणि खाली सोफ्यावर पाहुणे बसलेले, मुलगी बघायला आलेले. लग्न जमलं पण माझी मजुरी नाही.

पिल्लं आहेत का हा सगळ्यात मोठा प्रश्न. उदमांजराला ठराविक महिना नाही, वर्षात कधीही पिल्लं होऊ शकतात, दोन ते चार-पाच. दिवसा दुपारी एक-दोनच्या सुमाराला घरातला टीव्ही, पंखा, मिक्सर बंद करून पीओपीखाली पाच मिनिटं गप्प उभं राहा. मांजराच्या पिल्लासारखा पण जरा चिरका आवाज, किंवा चुळबुळ येते का बघा. आली तर समजा पिल्लं आहेत. नाही आली तरी लगेच नाहीत असं धरू नका, झोपलेली असतात. चढून बघायचं झालं तर बॅटरी लांबून मारा, हात घालू नका, मादी कोपऱ्यात सापडली तर चावते आणि चांगलीच चावते. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची, हळद-चुना काही लावत बसायचं नाही.

पिल्लं असतील तर दोन रस्ते. एक, थांबा. साधारण दोन महिन्यांत पिल्लं आईच्या मागं बाहेर फिरायला लागतात आणि मग एका रात्रीत सगळं कुटुंब बाहेर असतं. मला माहितीय दोन महिने ऐकल्यावर तुमच्या सासऱ्यांचा चेहरा कसा होईल. दुसरा रस्ता, तिला जागा नावडती करा, म्हणजे ती स्वतःच पिल्लं उचलून दुसरीकडं नेते, मांजर नेते तशी, मानेला धरून, एकेक. ह्यात लोक एक चूक हमखास करतात, रात्री लाईट लावतात आणि रात्रीच आवाज करतात. अहो, ती रात्री असतीय कुठं! ती दिवसा झोपते, तर त्रास दिवसा द्यायचा. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत माळ्यावर एक एलईडी बल्ब चालू, आणि एक जुना रेडिओ, बोलण्याचा कार्यक्रम लागेल असा, गाण्यापेक्षा माणसाच्या बोलण्याला ती जास्त बिचकते असा माझा अनुभव आहे. शेतीविषयक कार्यक्रम फार उपयोगाचे, एकसुरी आणि लांब. दिवे लागले की सगळं बंद, पूर्ण अंधार, पूर्ण शांतता, आणि फट उघडी. तिला सामान हलवायला मोकळी वाट पाहिजे. तीन-चार दिवसांत बहुतेक वेळा निघतात. बल्बचं होल्डर लाकडाला किंवा नारळाच्या शेंड्यांना टेकवून ठेवू नका, आणि वायर नवी वापरा.

पिल्लं नाहीत अशी खात्री झाली की मग एकमार्गी झडप. हे माझं आवडतं काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी मुख्य फट सोडून बाकीच्या सगळ्या संशयास्पद फटी बंद करायच्या. मग मुख्य फटीला बाहेरून अर्धा इंची वेल्डमेश जाळीचा (तारा वेल्डिंगनं जोडलेली कडक जाळी) आठ इंच बाय आठ इंचाचा एक चौकोनी बोगदा बसवायचा, दीड फूट लांब, आणि त्याच्या बाहेरच्या तोंडाला त्याच जाळीची झडप, वरून टांगलेली. बिजागरीला मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी वापरतो, गंजत नाही आणि आवाज करत नाही. झडप तोंडापेक्षा अर्धा इंच मोठी, म्हणजे बाहेर ढकलली की उघडते आणि सोडली की चौकटीवर बसते, आत येत नाही. एका बोटानं ढकलल्यावर उघडली पाहिजे, जोर लावावा लागला तर उदमांजर शहाणं असतं, ते मागं फिरून कौल उचकटतं. पहिल्या दोन रात्री झडप वर बांधून ठेवा, उघडीच, त्याला बोगद्याची सवय होऊ दे. तिसऱ्या रात्री सोडा. आत रांगोळीचा पुठ्ठा आहेच. सलग चार-पाच सकाळी पुठ्ठा कोरा राहिला की माळा रिकामा. झडप लावल्यावर पहिल्या रात्री जागून ऐका, आत पिल्लांचा आवाज आला किंवा मादी बाहेरून वेड्यासारखी उचकटायला लागली तर झडप लगेच काढायची, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि मुसळधार लागलेली असेल त्या आठवड्यात हे करू नका, आपल्या पश्चिमेकडच्या पावसात ते एक-दोन रात्री बाहेरच पडत नाही असं मी बघितलंय, पुठ्ठा कोरा दिसतो आणि आपण फसतो.

आता तुमच्या मिस्त्रीला बोलवा. पण नुसतं सिमेंट कोंबायला नाही. कौलारू छपराच्या चार जागा असतात, वळचण, आढं (छपराचा सगळ्यात वरचा कणा), बाजूची त्रिकोणी भिंत जिथं छपराला भिडते ती सांद, आणि जिथं नवीन बांधकाम जुन्याला जोडलंय तो सांधा. तुमच्याकडं मागं नंतर बांधलेलं बाथरूम आहे म्हणताय, तिथं पत्रा आणि कौल भेटतात ती जागा मी आधी बघेन. नालीदार पत्र्याच्या प्रत्येक नालीखाली भिंतीवर अर्धचंद्रासारखं भोक राहतं, दिसायला बारकं, पण उंदराला डोकं घालण्यापुरती जागा मिळाली की मागचं अंग आपोआप येतं, आणि उदमांजराचं पण तेच. वळचणीला आतून वाशाला खिळे मारून वेल्डमेश लावा, कोंबडीची षटकोनी जाळी नको, ती दातानं आणि नखानं उलगडते. प्लॅस्टिकचं तर नावच नको. फोमचा स्प्रे मिळतो हल्ली, फुगतो आणि छान भरल्यासारखा दिसतो, उंदीर तो केकसारखा खातात. वायरीची, एसीच्या पाइपची भोकं असतील तिथं भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंट. सरकलेलं कौल परत बसवताना बायंडिंग वायरनं रिपेला बांधून टाका, निदान कडेच्या दोन ओळी तरी. हवा खेळायच्या झरोक्यांना जाळीच लावा, बुजवू नका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात वासे बुरशीनं काळे पडतील आणि मला परत बोलवावं लागेल, धंदा म्हणून मला चालेल पण तुम्हाला नाही.

चिकूची फांदी छपरापासून सात-आठ फूट मागं छाटा. नारळ छपराला टेकून असेल तर बुंध्याला माणसाच्या डोक्याच्या उंचीवर दोन फूट रुंद गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळा, नखं घसरतात. पडलेले चिकू संध्याकाळच्या आत वेचायचे, मांजराच्या ताटलीत रात्रभर दूधभात ठेवायचा नाही, कोंबड्या असतील तर खुराड्याला रात्री दार. एवढं केलं तरी उदमांजर तुमच्या कंपाउंडवरून जाणारच, जाऊ दे बिचारं, उंदीर पण खातं ते.

विषाबद्दल सासऱ्यांना समजावून सांगायला जरा मसाला देतो. विष खाल्लेला प्राणी बाहेर जाऊन मरत नाही, तो अंधारात, आडोशाला जातो, म्हणजे तुमच्या पीओपीच्या वरच. मग वास पंधरा दिवस, अळ्या, माशा, आणि शेवटी पीओपी कापून काढावंच लागतं. शिवाय विष खाल्लेला उंदीर घुबडानं नाहीतर तुमच्याच मांजरानं खाल्ला की तेही गेलं. आणि उदमांजर हा वन्यप्राणी आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, विष घालणं, पिंजरा किंवा फासा लावून पकडणं, तसा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच येतं. त्यामुळं तो दोन हजारवाला जे करणार आहे ते बेकायदा आहे आणि पिंजरा तुमच्या घरात सापडेल. कायद्याचं सोडलं तरी उपयोग शून्य. घाटात सोडलेल्या जनावराला ती जागा नवीन, तिथं आधीचं दुसरं जनावर असतं, एकतर ते मरतं नाहीतर परत यायच्या नादात गाडीखाली येतं, आणि तुमची फट तशीच उघडी, महिन्याभरात दुसरं भाडेकरू हजर. खरंच पकडायची वेळ आलीच, म्हणजे जनावर जखमी आहे किंवा घरात खोलीत शिरलंय किंवा पिल्लू खाली पडलंय, तर वनखात्याचा १९२६ नंबर फिरवा.

मिरचीची धुरी म्हणाल तर कौलारू घरात जळमटं, जुना पेंढा, वाळकं लाकूड, आणि आपण खालून निखारा नेतोय, आगीला आमंत्रण. मादी धुरानं पळते, पिल्लं पळू शकत नाहीत. डांबर गोळ्या लोक पोत्यानं टाकतात, जनावराला दोन दिवस शिंका येतात आणि मग ते गोळ्यांच्या शेजारीच झोपतं, त्रास होतो तो खाली झोपणाऱ्या पोरांना. ते भिंतीत खोचायचं आवाजाचं मशीन मी स्वतः घेऊन बघितलंय, उंदरानं त्याचीच वायर खाल्ली.

आता तुमच्या नणंदेचं, सांगलीला गावभागातल्या घरात त्यांना वटवाघळं आणि एकदा साप दिसला असं विचारलंय, ते वेगळं प्रकरण आहे. वटवाघळांना पण एकमार्गी वाटच, फक्त झडपेऐवजी फटीच्या वर बारीक जाळीचा पडदा टांगायचा, खालून आणि बाजूनं सैल, म्हणजे ती खाली घसरून बाहेर पडतात आणि परत येताना थेट फटीवर उतरायला बघतात तेव्हा जाळी आडवी येते. पण लहान पिल्लं चिकटलेली दिसत असतील तेव्हा अजिबात करू नका. उघड्या हातानं वटवाघूळ उचलायचं नाही, खाली पडलेलं असलं तरी नाही. सापाचं असं आहे की तो माळ्यावर राहायला येत नाही, उंदराच्या मागं येतो. उंदरांचा गोंगाट एका रात्रीत एकदम बंद झाला तर खूश होऊ नका, बॅटरी घ्या. बहुतेक वेळा धामण नाहीतर कवड्या असतो, बिनविषारी, पण कवड्या आणि मण्यार यांच्यात भल्याभल्यांची गल्लत होते आणि मण्यार जबरी विषारी, म्हणून ओळखायच्या भानगडीत न पडता नजर ठेवून सर्पमित्राला बोलवा. २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा अख्ख्या नदीकाठचे उंदीर, साप, विंचू वरच्या मजल्यांवर आणि माळ्यांवर चढले होते, २०२१ ला परत तेच. पाणी उतरल्यावर लोकांनी खालचा चिखल काढला आणि माळा बघितलाच नाही. नदीकाठच्या माणसानं पूर ओसरला की माळ्यावर पण एक चक्कर मारावी, हातात काठी, पायात गमबूट. आणि उसाच्या पट्ट्यात, वाळवा, पलूस, कराडकडं, तोडी सुरू झाल्या की फडातलं सगळं बिऱ्हाड जवळच्या गोठ्यात आणि छपरात येतं, म्हणून तिथं जाळ्या दिवाळीच्या आधी मारलेल्या बऱ्या.

घुबड निघालं तर, म्हणजे तुमच्याकडचा आवाज मी चुकीचा ओळखला आणि वर पांढऱ्या बदामी तोंडाचं गव्हाणी घुबड बसलेलं दिसलं तर, दार लावून खाली या. अशुभ वगैरे काही नसतं. त्याचं एक कुटुंब रात्रीत जेवढे उंदीर खातं तेवढे कुठलाही पिंजरा पकडत नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत, साधारण दोन-अडीच महिने, खाली एक प्लॅस्टिकचा कागद पसरून ठेवा घाण पडायला, मग फट बंद करा. आणि गावात बोलू नका, विशेषतः दिवाळीच्या अमावस्येच्या आसपास, जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारी माणसं अजून आहेत.

साफसफाई हा भाग लोक उरकून टाकतात आणि नंतर आजारी पडतात. कोरडं झाडायचं नाही. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, फुल बाह्या. आधी विष्ठेवर पाणी शिंपडून ओलं करायचं म्हणजे धूळ उडत नाही, मग पत्र्यानं खरवडून पिशवीत. लाकूड आधी साबणाच्या पाण्यानं पुसायचं, ते वाळल्यावर एका भागाला दहा भाग पाणी अशा प्रमाणात पातळ केलेलं ब्लीच. मुताच्या ओल्या थारोळ्यावर थेट ब्लीच ओतू नका आणि ब्लीचमध्ये अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर तर कधीच मिसळू नका, जो वायू निघतो त्यानं त्या कोंडलेल्या जागेत माणूस खाली पडेल. वास नीट गेला नाही तर पुढचं जनावर नाक लावून तिथंच येतं. उंदीर असतील तिथं लेप्टोचा (उंदराच्या मुतातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो, सफाईनंतर महिन्याभरात कधीही ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना उंदराची घाण काढली होती हे तोंडानं सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. पीओपीला पिवळा डाग आहे तेवढा चौकोन कापूनच काढा, वरून रंग मारला तर पुढच्या पावसात तो परत डोकं वर काढेल.

आज रात्री एवढंच करा, नऊच्या आत रांगोळीचा पुठ्ठा फटीच्या आत सरकवा आणि झोपा. सकाळी फोटो काढताना पावलाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, नुसत्या फोटोवरून आकार कळत नाही. तीन सकाळचे फोटो आणि दुपारी काही आवाज आला का एवढं मला कळवा, मग झडप कधी लावायची ते सांगतो. मिस्त्रीला म्हणावं पुढच्या रविवारचं पण पक्कं धरू नको.